नाक्यावरच्या बंद बारच्या बोर्डावर 'परमिट रूम' का?

चाळकरी_बंड्या:
मंडळी, लालबागला आमच्या चाळीच्या नाक्यावर एक बार होता, कित्येक वर्षं शटर डाऊन, आता रीडेव्हलपमेंटचे पत्रे लागलेत पण वरचा गंजका बोर्ड अजून आहे, त्यावर 'परमिट रूम' वाचता येतं. परवा कपाट आवरताना आजोबांचं दारूचं परमिट सापडलं आणि त्यात लिहिलंय काय तर आरोग्य राखण्यासाठी! आजोबा गिरणीत साचे चालवायचे, तब्येत एकदम ठणठणीत. काय भानगड आहे ही? आणि बार कशाने बंद पडला?

जुना_परळकर:
बंड्या, १९४९ चा दारूबंदी कायदा रे. मोरारजीभाईंच्या काळात कडक बंदी होती, तेव्हा लोक आंटीच्या अड्ड्यावर जायचे, हातभट्टीची दारू टायरच्या ट्यूबमधून यायची. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ढील मिळाली पण कायदा काही रद्द केला नाही, म्हणून परमिटवाल्यांनी बसायची खोली ती परमिट रूम. तब्येतीचं कारण कागदापुरतं, सगळ्यांचीच तब्येत नाजूक होती म्हण ना 😄

सुमनताई_६२:
तो बार मला चांगला आठवतो, आत नाही गेले कधी, पण बाबांना बोलवायला आई मलाच पाठवायची. अर्धा दरवाजा, त्याच्याखालून नुसत्या चपला दिसायच्या, मी चपलेवरून बाबा ओळखायचे. मग गल्ल्यावरचे अण्णा हातावर चार खारे शेंगदाणे ठेवायचे आणि आत हाक मारायचे. ८२ च्या जानेवारीत संप झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, तरी अण्णा वहीत उधारी लिहीत राहिले. ती वसूल कुठून होणार? गिरण्या परत धड चालल्याच नाहीत, पाळी सुटल्यावर येणारं गिऱ्हाईकच गेलं. लोक म्हणतात टॉवरवाल्यांनी बार संपवला, मला नाही पटत, तो आधीच संपला होता.

क्वार्टर_बास:
कायदा आजही आहे बरं का, फक्त नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं. परमिट एक दिवसाचं, वर्षाचं नाहीतर आजीवन. बियरला वय २१, हार्डला २५. मागतं कोण ते सोडा.

चाळकरी_बंड्या:
ताई, आईला तुमची पोस्ट वाचून दाखवली, म्हणे आमचीपण उधारी होती त्या वहीत. बोर्ड मिळतो का बघतो, पत्र्यामागच्या वॉचमनला विचारलंय, तो भंगारवाल्याचा भाव सांगतोय.