सागवानावर सँडरचे गोल ओरखडे, तापणारं मशिन आणि ग्राइंडरला बफ: मार्गदर्शन हवं

तापीकाठ (चोपडा)
राम राम मंडळी. जुन्या घराचे दोन सागवानी दरवाजे आणि एक बंगई पॉलिश करायची आहे. सँडर १२५ मिमीचा, आठ भोकांचा, रँडम ऑर्बिटल (पॅड फिरतो आणि थरथरतोही), २८० वॉटचा. आधी ८० नंबरचा सँडपेपर (नंबर मोठा तितका दाणा बारीक), मग १२० आणि पुढे थेट ३२० मारला. स्टेन (लाकडाला रंग देणारं द्रावण) लावल्याबरोबर डुकराच्या शेपटीसारखे बारीक गोल ओरखडे वर आले. दहा-पंधरा मिनिटांत मशिन हात लावू देत नाही, पॅडचा वेल्क्रो पेपर धरत नाही आणि मागच्या जाळीतून ठिणग्या दिसतात. शेवटच्या चमकीसाठी ४ इंची ग्राइंडरला बफ (पॉलिशचा मऊ पॅड) लावला तर चालेल का? एका दरवाजाची मागची बाजू जुन्या हिरव्या ऑइलपेंटची आहे, तोही काढायचा आहे.

रंधा (शहादा)
भाऊ, आधी त्या हिरव्या रंगाचं बोलू. त्याला सँडर लावूच नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत शिसं असणार असंच धरून चाला. सँडरनं त्याचं पीठ होतं आणि ते घरभर बसतं. रांगणारं मूल तेच बोटाला लावून तोंडात घालतं. पेंट रिमूव्हर लावा, फुगलेला रंग पत्रीनं खरवडा आणि उरलेला वॉटर पेपर ओला करून हातानं घासा. खाली प्लास्टिक अंथरा, खरवड त्यातच गुंडाळा, झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

आता ओरखडे. तुम्ही १२० वरून ३२० वर उडी मारलीत, तिथे चुकलं. १२० नं पाडलेल्या रेघा ३२० ला कापता येत नाहीत, तो फक्त त्यांच्या कडा चमकवतो. उघड्या लाकडावर दिसत नाहीत, स्टेन त्यात मुरला की उठून दिसतात. क्रम ८०, १२०, १८०, २२० ठेवा. जुना थर निघाला असेल तर ८० ची गरजच नाही. दर नंबर बदलताना आधीचा भुसा ब्रशनं झाडा आणि थिनरच्या फडक्यानं पुसा, मशिन बंद असताना. मागच्या पेपरचा एक दाणा राहिला तरी तोच पुढे शेपटी काढतो.

प्रत्येक नंबरआधी लाकडावर पेन्सिलच्या हलक्या आडव्यातिडव्या रेघा मारा. रेघा सगळीकडे सारख्या गेल्या की तो नंबर संपला. मशिन सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर सरकवायचं, आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढवत. हे फार सावकाश वाटतं, पण तोच वेग बरोबर आहे. शेवटी तोच २२० ठोकळ्याला गुंडाळून रेषेच्या दिशेनं हातानं आठ-दहा वेळा ओढा. उघड्या सागवानावर त्यापुढे जाऊ नका, लाकूड गुळगुळीत होऊन स्टेन धरत नाही. ३२० आणि ४०० सीलरच्या (पॉलिशआधी लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) थरांमध्ये वापरायचे.

आणि दाबू नका. मशिनचं स्वतःचं वजन पुरतं. दाबलं की पॅडचं फिरणं थांबतं, नुसतं थरथरणं उरतं. पेपर एकाच जागी गोल गोल खातो आणि त्या घर्षणानं वेल्क्रोचे आकडे वितळतात. तुमच्या पॅडचे आकडे मध्यभागी चपटे, चकाकते दिसत असतील तर पॅड गेला, नवा घ्या. मॉडेल बघूनच घ्या, कारण मधल्या स्क्रूचा आणि तीन स्क्रूचा पॅड एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

वाइंडर (भुसावळ)
रंधा भाऊंनी पॅडचं सांगितलं, मी आतलं सांगतो. आतलं म्हणजे प्लग काढल्यावरच, नुसतं स्विच बंद करून भागत नाही.

दोन्ही बाजूंची टोपणं उघडून कार्बन (फिरत्या मोटारीला वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे) बाहेर काढा. लांबी ५-६ मिमीवर आली असेल किंवा टोक तुटकं, जळकं असेल तर दोन्ही एकदम बदला. एक जुना, एक नवा असं करू नका. माप तेच हवं. मोठा कार्बन घासून बसवला की तो होल्डरमध्ये अडकतो, स्प्रिंग त्याला पुढे ढकलत नाही आणि ठिणगी आणखी वाढते. बसवल्यावर बोटानं दाबून बघा, अलगद मागेपुढे व्हायला हवा. मग दहा मिनिटं मशिन बिनकामाचं फिरवा, म्हणजे कार्बनचं तोंड गोलाईला बसतं.

कार्बनखाली निळसर बारीक ठिणगी चालते. कम्युटेटरभोवती (कार्बन ज्यावर घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) आगीचं कडं फिरत असेल आणि वार्निश जळल्याचा वास येत असेल तर आर्मेचर (मोटारीचा फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) शॉर्ट आहे. तिथेच थांबा आणि वाइंडिंगवाल्याकडे द्या. कम्युटेटर लोखंडाच्या एमरी पेपरनं घासू नका, त्याचा दाणा पट्ट्यांमधल्या फटीत बसतो.

तापण्याचं दुसरं कारण व्होल्टेज. गावात शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की लाइट डाउन होते. मोटारीचा वेग पडतो, तिच्याच शाफ्टवरचा पंखा हळू फिरतो, हवा कमी मिळते. वरून काम होत नाही म्हणून माणूस दाबतो. मीटरवर २०० च्या खाली दिसलं तर काम थांबवा. एक्स्टेंशन १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरचं घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर आतच तापते. सर्किटला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असू द्या.

जाळी रोज साफ करा, गॉगल लावून हलक्या हवेनं. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब दिलात तर भुसा वाइंडिंगमध्ये घुसतो.

बफवाला (धुळे)
ग्राइंडरला बफ? नको, दादा, अजिबात नको. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, पॉलिशर ६०० ते ३,०००. १८० मिमीचा बफ ११,००० वर फिरवला तर कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. १,५०० फेऱ्यांना तोच वेग १४ मीटर असतो. बफच्या पाठीवर कमाल फेरे छापलेले असतात, ते वाचा. जास्त फेऱ्यांना पॅडचा डिंक सुटतो आणि पॅड सरळ तोंडावर येतो. पॅड टिकला तरी मेलामाइन पॉलिश जळून पिवळं पडतं. ग्राइंडरचा शाफ्ट एम१०, पॉलिशरचा एम१४. मधे अडॅप्टर घालून जोडायचा मोहही टाळा.

पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश असेल तर शेवटच्या हातानंतर आठवडाभर थांबा. मग १,५०० आणि २,००० चा वॉटर पेपर हातानं. विजेच्या सँडरला पाणी कधीच दाखवू नका. कंपाउंडचे (चमक आणणारी घासायची पेस्ट) वाटाण्याएवढे चार ठिपके, आधी मशिन बंद ठेवून पॅडनं पसरवा, मग १,००० ते १,५०० वर फिरवा. मशिन सतत हलतं हवं. दाराच्या कडेला पॅड लाकडावरून बाहेर जाईल अशा दिशेनं फिरायला हवा. उलट धरलात तर तो कडेत अडकून झटका देतो आणि कडेचं पॉलिश लाकडापर्यंत निघतं.

वायर खांद्यावरून मागे टाका. आणि गळ्यातलं उपरणं, ओढणी, सैल बाही हे सगळं दूर. बफमध्ये उपरण्याचं टोक गेलं तर स्विचला हात पोचायच्या आत गळा आवळला जातो.

सातपुडा (तळोदा)
रुमाल बांधून सागवान घासणाऱ्यांसाठी लिहिते आहे. रुमालातून बारीक भुसा आरपार जातो. एन९५ किंवा एफएफपी२ मास्कच घ्या, नाकाची पट्टी दाबून बसवा. कठीण लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे, आणि सागाच्या भुशानं अंगाला खाज आणि दमाही होतो.

दुसरं आगीचं. जवसाचं तेल लावलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेटतो, आपल्याकडच्या मे महिन्यात तर लवकर. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर एकेक सुटी वाळत घाला. सीलर घासलेल्या भुशाची पिशवी रात्रभर मशिनला ठेवू नका, रिकामी करून भुसा घराबाहेर न्या. खिळे आधी पंचनं आत ठोका, पेपरखाली खिळा आला की ठिणगी पिशवीत जाते. मेलामाइन मारताना त्याच खोलीत सँडर चालवू नका, कार्बनची ठिणगी थिनरच्या वाफेला पुरते.

तापीकाठ (चोपडा)
सगळ्यांचे आभार. पॅड बघितला, मध्ये खरंच चपटा झाला आहे. कार्बन एक ४ मिमी, दुसरा ७. आणखी एक: मशिन हवेत धरलं की पॅड भन्नाट फिरतो, टेकवला की पहिल्याच जागी खड्डा पडतो.

रंधा (शहादा)
मग पॅडच्या मागची काळी रबरी रिंग झिजली आहे, तीच पॅडचा ब्रेक. चांगली असेल तर हवेत पॅड संथ फिरतो. पॅड बदलताना ती पण बदला. तोवर मशिन लाकडावर सपाट टेकवून मगच स्विच द्या, आणि काम झालं की चालू असतानाच उचलून मग बंद करा. पेपरची आठही भोकं पॅडच्या भोकांवर बसली का तेही बघा. तिरपा बसला तर भुसा ओढला जात नाही आणि पॅड पुन्हा जळेल. सागाच्या तेलानं भरलेला पेपर लगेच फेकू नका, जुन्या चपलेच्या क्रेप रबराचा तुकडा चालू पेपरवर हलका टेकवला की दाणे मोकळे होतात.