जेरुसलेमला दोन वर्षं राहायला जातोय सोलापूरहून : घर, जेवण, मुलीची शाळा याबद्दल सल्ला हवा

होटगीरोड

नमस्कार मंडळी. मला जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात रसायनशास्त्रात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) मिळालंय, गिवत राम कॅम्पसवर. काम दोन वर्षांचं आहे. नवरा आणि साडेपाच वर्षांची लेक बरोबर येणार. सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा उरकला की फेब्रुवारीत निघायचं ठरतंय.

घरात सगळ्यांना अभिमान आहे, पण बातम्या बघून आई रोज रात्री फोन करते आणि शेवटी रडते. म्हणून तिथं प्रत्यक्ष राहिलेल्या माणसांकडून ऐकायचंय. घर कुठल्या भागात बघावं? आम्ही लिंगायत, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, तर रोजचं जेवण कसं जमेल? लेकीला शाळेत कुठं घालावं? आणि दिवाळीनंतर आई-अप्पा येतील, अप्पांचे गुडघे दुखतात, त्यांना जुनं शहर कसं दाखवावं? सहलीची यादी नकोय, राहायचं कसं ते सांगा.

जुनीमिल

अभिनंदन ताई! मी त्याच कॅम्पसवर होतो, बायको आणि मुलगा बरोबर होते. सविस्तर लिहितो.

आधी घर, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. गिवत रामसाठी बेत हकेरेम बघा. झाडं भरपूर, कुटुंबं राहतात, कॅम्पस जवळ, आणि लाइट रेलच्या लाल मार्गावर आहे. भाडं परवडलं नाही तर पुढं किर्यत योवेल. तिथं जुन्या चाळीवजा इमारती आणि चढउतार आहेत, पण घर त्यामानाने स्वस्त मिळतं. नाहलाओतच्या दगडी गल्ल्या फोटोत फार सुंदर दिसतात, मंडईही शेजारी, पण घरं अंधारी आणि ओल धरणारी. लेक लहान आहे, तिथं नका जाऊ. फ्रेंच हिल कुणी सुचवलं तर ते माउंट स्कोपस कॅम्पससाठी ठीक, तुम्हाला उलट टोकाला पडेल. आणि केवळ भाडं कमी दिसतंय म्हणून घर घेण्याआधी नकाशा उघडून बसा. शहराचा पूर्व भाग १९६७ च्या युद्धात इस्रायलने घेतला, त्याचा वाद आजही रोजच्या जगण्यात आहे. आपण कुठं राहतोय हे समजून राहावं.

घर बघताना पहिला प्रश्न विचारा : 'ममाद' आहे का? म्हणजे जाड काँक्रीटच्या भिंतींची, लोखंडी झडपेच्या खिडकीची सुरक्षित खोली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर नव्या बांधकामात ती सक्तीची झाली. जुन्या इमारतीत नसेल तर बऱ्याचदा तळघरात सामायिक आसरा असतो, त्याला मिकलात म्हणतात. तो उघडा आहे की अडगळीने भरलाय हे डोळ्यांनी बघून या. किल्ली कुणाकडे असते तेही विचारा. जेरुसलेममध्ये हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा झाल्यावर साधारण ९० सेकंद मिळतात, तेवढ्यात लेकीला घेऊन पोचता आलं पाहिजे. आईंनाही हे असंच सांगा, सोय काय आहे हे कळलं की जीव थोडा खाली बसतो.

दुसरा प्रश्न, थंडीत घर गरम कशाने होतं? शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. फरशी दगडी. फेब्रुवारीत पोचाल तेव्हा पावसाळा चालू असेल, हो, तिथं पाऊस हिवाळ्यातच पडतो, आणि मे ते सप्टेंबर आभाळ कोरडं. आपल्याकडचा ४२-४३चा उन्हाळा काढलेल्या माणसाला तिथला उन्हाळा काहीच नाही, रात्री छान गार होतं. पण त्या थंडीला आपण तयार नसतो. लोकरीचे मोजे आणि घरात घालायच्या जाड चपला न्याच. गच्चीवर सौरबंब असतो, ढगाळ दिवसांत बाथरूमबाहेरचं लाल दिव्याचं बटण दाबून पाणी विजेवर तापवायचं. ते बंद करायला विसरलात की बिल बघून धसका बसेल. भाड्याशिवाय 'अर्नोना' म्हणजे महापालिकेचा कर आणि इमारतीची मासिक वर्गणी वेगळी असते. करारावर सही करताना दोन्ही कुणी भरायचं ते लिहून घ्या. नळाला मात्र चोवीस तास पाणी, आणि तेच प्यायचं. चार-पाच दिवसाआड पाणी भरणाऱ्या आपल्या घरांना हे सुख शब्दांत सांगता येत नाही.

आता शनिवार, म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी दुपारनंतर दुकानं बंद व्हायला लागतात, बस आणि लाइट रेल थांबतात, रेल्वेही बंद, ते थेट शनिवारी रात्रीपर्यंत. कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार. तुम्ही म्हणाल गैरसोय आहे. पहिले काही आठवडे मलाही तसंच वाटलं, मग आम्ही त्या दिवसाची वाट बघायला लागलो. रस्त्यावर गाड्या तुरळक, पोरं बाहेर खेळतात, शेजारी एकमेकांकडे चालत जातात. सामान गुरुवारी आणून ठेवा आणि शनिवार घरासाठी मोकळा ठेवा. या शहरात राहणं सोपं करायची माझ्या मते एकच युक्ती आहे, आपला आठवडा त्यांच्या आठवड्याला जोडून घ्यायचा. जे सुट्टीला भांडत राहतात ते दोन वर्षं कंटाळतात.

साखरपेठ

कागदपत्रांचं मी सांगते, माझ्या जावेचं सगळं मीच पळापळ करून केलं होतं.

संशोधकाला साधारण ए/२ व्हिसा मिळतो, नवरा आणि मुलांना ए/४. ए/४ वर नोकरी करता येत नाही. तुमचे मिस्टर इथल्या कंपनीचं काम तिथून लॅपटॉपवर करणार असतील तर ते चालतं का, हे विद्यापीठाच्या परदेशी संशोधकांच्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

विवाह नोंदणीचा दाखला आणि लेकीचा जन्मदाखला, दोन्हीवर अपोस्टील (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) लागेल. आधी राज्य सरकारकडून प्रमाणित करायचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. एजंटला द्यायच्या आधी नावांची स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळवून बघा. आपल्या सोलापुरात तर कानडी, तेलुगू, मराठी आडनावं, एकाच घरात तीन तऱ्हेची स्पेलिंग सापडतात. महापालिकेत दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून आजच बघा.

विमानतळावर चौकशी फार होते. बॅग कुणी भरली, कुणी काही पोचवायला दिलंय का, तिथं कुणाला ओळखता. शांतपणे खरी उत्तरं द्यायची. आणि गल्लीतल्या कुणाच्या भाच्यासाठी चटणीचा डबा न्यायचा नाही, कितीही वाईट वाटलं तरी. गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग असेल तर तपासणीआधीच सांगा आणि ते काय आहे हे दोन वाक्यांत समजावा. आमच्याकडच्या मामांना कुणी काढायला लावलं नाही, हातात घेऊन आदराने बघितलं आणि जाऊ दिलं.

नागावची_लेक

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू, माहेर अलिबागजवळ, आता राहते लोदला. आमच्या घरात अजून मराठीच बोलतात. लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा इथं मराठी बोलणारी पुष्कळ माणसं भेटतील. लोदला या, मलिदा असेल तेव्हा जेवायलाच या : गूळ-खोबरं घातलेले पोहे आणि फळं, एलियाहू हनवी या प्रेषिताच्या नावाने. तुमच्या जेवणात बसणारंच आहे सगळं.

शाकाहाराची अजिबात काळजी करू नका. कोशर म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या नियमात मांस आणि दूध एकत्र येत नाही, त्यामुळे हॉटेल एकतर मांसाचं असतं नाहीतर दुधाचं. दाराजवळ प्रमाणपत्र लावलेलं असतं, त्यावर 'खलावी' असेल तर ते दुधाचं, तिथल्या स्वयंपाकघरात मांस येतच नाही. मासे आणि अंडं मात्र असू शकतं, ते विचारायचं. पाकिटावर 'पार्वे' दिसलं म्हणजे मांस नाही आणि दूध नाही एवढंच, अंडं असू शकतं. सबीख नावाचं वांग्याचं सँडविच मिळतं, त्यात उकडलेलं अंडं असतं, ते काढून मागा. फलाफेल, हमस, ताहिनी, हे तर रोजचंच.

माहाने येहुदा मंडईत हळद, जिरं, धणे, डाळी सगळं मिळतं. शुक्रवारी दुपारी बंद व्हायच्या आधी भाजी स्वस्त होते, पण रेटारेटी फार, लेकीला नेऊ नका. दमास्कस दरवाज्याबाहेर गावाकडच्या बायका पालेभाज्या घेऊन जमिनीवर बसतात, त्यांच्याकडची कोवळी भाजी मला जास्त आवडते.

तुम्ही फेब्रुवारीत पोचलात की महिना-दोन महिन्यांत पेसाख येईल, खमीर आलेलं काही न खायचा आमचा सण. त्या आठवड्यात सुपरमार्केटमध्ये पाव, पीठ, बिस्किटांच्या फडताळांवर पांढरे कागद नाहीतर प्लॅस्टिक लावून टाकतात, काही ठिकाणी डाळींवरही. कणीक, डाळ आधी भरून ठेवा. तुमची कडक भाकरी आणि शेंगा चटणी त्याच आठवड्यात कामी येईल. थोडी जास्त आणा, माझ्यासाठी.

विजापूरवेस

आमचे चुलते जेरुसलेमला जाऊन आलेत, ते सांगत होते ते लिहितो. जुन्या शहरात हेरोद दरवाज्याजवळ 'झाविया अल-हिंदिया' आहे, हिंदी धर्मशाळा म्हणा. सूफी संत बाबा फरीद तिथं इबादतीला थांबले होते अशी आठ शतकांची परंपरा आहे. १९२४ मध्ये सहारनपूरहून गेलेल्या अन्सारी घराण्याने ती सांभाळायला घेतली, अजून तेच बघतात. आत शिरलं की हिंदीत स्वागत झालं, चुलत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ताई, तुमच्या अप्पांना तिथं जरूर न्या. तालपियोतला पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांची दफनभूमीही आहे. तिकडं फार कुणी जात नाही, जावं.

हरम शरीफच्या, म्हणजे अल-अक्सा मशिदीच्या आवारात मुस्लिमेतरांना एकाच दाराने, मुगराबी दरवाज्याने सोडतात, ठरावीक वेळेतच, शुक्रवार-शनिवार बंद. दुसऱ्या धर्माची चिन्हं, पोथी वगैरे बरोबर नको. रमजानच्या शुक्रवारी जुन्या शहराकडचे रस्ते बंद करतात, त्या दिवशी आई-अप्पांना घेऊन निघू नका.

जुनीमिल

अप्पांच्या गुडघ्यांबद्दल : जाफा दरवाज्याने बाजारातून उतरू नका, पायऱ्याच पायऱ्या आहेत आणि दगड पावलांनी गुळगुळीत झालेत. टॅक्सीने डंग दरवाज्याला उतरवा, ज्यूंच्या प्रार्थनेच्या पश्चिम भिंतीचं पटांगण तिथून अगदी जवळ. पुरुषांना डोकं झाकावं लागतं, टोपी तिथं मिळते, पण अप्पांची गांधी टोपी असेल तर तीच घालू द्या. पवित्र कबरीच्या, म्हणजे येशूची कबर मानतात त्या चर्चला वेगळ्या दिवशी न्या. त्या चर्चच्या दाराची किल्ली शतकानुशतकं मुसलमान घराण्याकडे आहे, दुसरं मुसलमान घराणं दार उघडतं. अप्पांना हे सांगा, त्यांना आवडेल. सिद्धरामेश्वराच्या गावात वाढलेल्या माणसाला हे शहर परकं वाटत नाही, एवढं मी खात्रीने सांगतो.

होटगीरोड

तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंय. जन्मदाखला काढून बघितला, लेकीच्या नावात एक ए जास्त आहे. साखरपेठ ताई, उद्याच महापालिकेत जाते. नागावची लेक, कडक भाकरी नक्की. जुनीमिल दादा, शाळेचं राहिलं. आणि आईने विचारलंय, भोंगा वाजला की दर वेळी पळायचंच का?

जुनीमिल

नाही, आणि हे पोचण्याआधीच कळलेलं बरं. जेरुसलेममध्ये शुक्रवारी संध्याकाळी, सूर्यास्ताच्या सुमारे ४० मिनिटं आधी, शब्बाथ सुरू होतोय हे सांगायला भोंगा होतो. आपल्या आजोबांच्या वेळच्या गिरणीच्या भोंग्यासारखा, एका सुरात, न चढता न उतरता. नव्या माणसाचं काळीज तिथंच धडधडतं. धोक्याचा भोंगा वर-खाली हेलकावे घेतो. तो ऐकला की मात्र हातातलं टाकून ममादमध्ये जायचं. वसंत ऋतूत दोन स्मृतिदिन येतात, तेव्हाही एकसुरी भोंगा होतो आणि भर रस्त्यात लोक गाडीतून उतरून स्तब्ध उभे राहतात, आपणही उभं राहायचं. फोनवर होम फ्रंट कमांडचं अॅप इंग्रजीत मिळतं, ते पहिल्याच दिवशी घाला. भारतीय दूतावास तेल अवीवला आहे, त्यांच्याकडे नोंदणी करा आणि निघायच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाची सूचना परत एकदा वाचा. ती प्रतिकूल असेल तर तारीख पुढं ढकला, चांगला प्राध्यापक समजून घेतो. अँब्युलन्स १०१, पोलीस १००, अग्निशमन १०२.

शाळा : फेब्रुवारीत गेलात तर सप्टेंबरपर्यंत लेक 'गान'मध्ये म्हणजे बालवाडीत जाईल, मग पहिली. बालवाडी आणि बऱ्याच शाळा शुक्रवारीही दुपारपर्यंत असतात. अँग्लिकन इंटरनॅशनल स्कूल इंग्रजी माध्यमाची आहे, पण फी पोस्टडॉकच्या पगारात झेपणं अवघड. मी तर सरकारी गानच सुचवेन. मराठी, कानडी, हिंदी तिच्या कानावर आधीपासूनच असेल, हिब्रू ती तुमच्या आधी शिकेल. आमचा मुलगा सुरुवातीला गप्प बसायचा, बाईंना काळजी वाटायला लागली होती. एक दिवस घरी येऊन आमच्यावरच हिब्रूत ओरडला, 'राक रेगा!' म्हणजे जरा थांबा की. तेव्हा कळलं, हा रुळला.

थोडी अरबीही शिका. औषधाच्या दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये समोरचा माणूस पुष्कळदा अरब असतो, त्याच्या भाषेत 'शुक्रन' म्हटलं की चेहरा बदलतो.

पार्कचौक

शेवटचं एक : आपला तीन गोल पिनांचा प्लग तिकडच्या सॉकेटला बसत नाही. वीज २३० व्होल्टचीच आहे, म्हणून मिक्सर चालतो, फक्त अॅडाप्टर घ्या. आणि लाइट रेलमध्ये चढलं की राव-काव कार्ड दर वेळी टेकवायचं, गाडी बदलली तरी. तपासनीस दंड लावतात, नवीन आहे म्हणून सोडत नाहीत.

होटगीरोड

अॅडाप्टर यादीत लिहिला. बेत हकेरेममधल्या दोन घरमालकांना आजच ममादबद्दल मेल टाकलाय. एकाचं उत्तर आलंही : आहे, पण सध्या त्यात सायकली ठेवल्यात, आम्ही यायच्या आत काढून देतो म्हणाले. फोटो मागवलाय.