डेम्पस्टर हायवेवर आरव्ही न्यावी का?

रानवाट: जुलैमध्ये चौघं जण कॅनडात डॉसन सिटीहून डेम्पस्टर हायवेने उत्तरेला इनुविक, जमलं तर टुकटोयाक्टुकपर्यंत जायचं म्हणतोय, आरव्ही (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन. रस्ता खडीचा आहे म्हणे. झेपेल का?

चाकोरीबाहेर: आधी भाड्याचा करार वाचा, बरेच जण डेम्पस्टरवर गाडी नेऊच देत नाहीत. हायवे इनुविकपर्यंत साधारण ७४० किमी, ३६९ व्या किमीला ईगल प्लेन्स लागतं, तिथे टाकी फुल कराच, अर्धी असली तरी.

खडकू: आम्ही गेलेलो. खडी कसली, धारदार कपऱ्या नुसत्या, दोन टायर फाटले आणि स्टेपनी एकच, मग काय, पाच तास डास मारत बसलो. त्यात पाऊस, चिखल इतका थापला गेला की मागची नंबर प्लेट सोडा, शिडीपण दिसेना. ट्रक समोरून आला की सरळ बाजूला थांबा, काच वाचेल.

चाकोरीबाहेर: आणि हो, पील आणि मॅकेन्झी नदीवर पूल नाही, उन्हाळ्यात फेरी असते. पाणी चढलं की तीही बंद, त्यामुळे एक-दोन दिवस जास्तीचे धराच. इनुविकहून टुकटोयाक्टुकचा बारमाही रस्ता २०१७ ला सुरू झाला, तोही खडीचाच.

रानवाट: करार बघितला, डेम्पस्टरला चक्क मनाई आहे 😅 आता पिकअप आणि तंबू, बायकोला अजून सांगितलं नाहीये