शहर बघायचंय, पण राहायचं शांत उपनगरात. जमतं का?

मदत हवी आहे. आम्ही चौघं, त्यात आई-बाबा सत्तरीचे, ५ दिवस एका मोठ्या शहरात फिरायला जातोय. मागच्या खेपेला ऐन मध्यवस्तीत खोली घेतली होती. रात्री २ ला खिडकीखाली कचऱ्याची गाडी, ३ ला कुणाचं तरी भांडण. बाबा कानावर उशी दाबून उजाडायची वाट बघत होते. म्हणून यंदा उपनगरात घर बघतोय. तेवढ्याच पैशात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळतंय.

धाकधूक आहे ती प्रवासाची. जाहिरातीत ‘शहरापासून ३५ मिनिटं’ लिहिलंय, पण ती गाडीत बसल्यापासूनची! स्टेशनपर्यंत १५ मिनिटं चाल (चढ आहे की काय, ते फोटोत कळत नाही), गाडीची वाट बघणं, मध्ये एकदा गाडी बदलणं. माझ्या हिशेबाने तास सहज जातो. दुपारी आई-बाबांना जरा आडवं व्हायला परत आणणं विसराच.

असं राहिलेल्यांनी सांगा, रात्री शेवटची गाडी चुकली तर काय करता? सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी असतात, त्याचा कितपत त्रास होतो? घर सोडल्यावर संध्याकाळपर्यंत सामान कुठे ठेवता? की ३ रात्री उपनगरात, २ मध्यवस्तीत असं करावं? नवरा म्हणतो, दोनदा बॅगा भरायला मी नाही.