मदत हवी आहे : कथेतली शास्त्रज्ञ दोषी ठरवू की नको?

नमस्कार मंडळी. ऐरोलीत राहते, दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितेय आणि मध्येच अडकलेय.

साथीनंतरची पंचवीस वर्षं. वाशीचा पूल ओस, खाडीत फक्त रोहित पक्षी. उरलेली माणसं एका म्हाताऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईला जाब विचारतायत, कारण विषाणू तिच्याच लॅबमधून सुटला असं सगळे धरून चाललेत.

पहिल्या खर्ड्यात ती सरळसरळ खलनायिका होती. मग सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिनांचं वाचलं. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं गेले, ठपका हाफकिनांवर आला आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं! उलट १९७८ मध्ये बर्मिंगहॅमला देवीचा विषाणू खरोखरच प्रयोगशाळेतून निसटला आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या छायाचित्रकार बाईंचा बळी गेला. आता माझी नायिका यांतल्या कुठल्या बाजूची, तेच ठरेना.

लॅबमध्ये काम केलेलं कुणी आहे का इथे? वीज कायमची गेली तर उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधले नमुने किती टिकतील? चूक घडल्याची पहिली नोंद कोण करतं, आणि ती दाबता येते का? गावातली मंडळी तिच्या जुन्या वह्या चाळतात असा प्रसंग आहे, तिथेच घोडं अडलंय.

ठाण्यात कुणी भेटणार असेल तर रविवारी तलावपाळीला येईन. चहा माझ्याकडून.