ब्रॉन ब्रेकर की ओबा फेमी? आणि सगळं 'नूरा' असताना बघायचं काय?

वारणाकाठ (वाळवा)

मंडळी, डब्ल्यूडब्ल्यूई मनापासून बघणाऱ्यांना प्रश्न आहे. कुंडलच्या मैदानाला बसणाऱ्या माणसाला पट कुठं सुटला, कब्जा कुणाचा बसला, घिस्सा कधी लागणार हे लांबनं कळतं. तिथं चांगला पैलवान ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. पण टीव्हीवरच्या कुस्तीत निकाल आधीच ठरलेला, म्हणजे नूरा. मग नवीन पोरगा तयारीचा आहे का नुसता अंगानं भरलाय, हे ठरवायचं कशावर?

ब्रॉन ब्रेकर आणि ओबा फेमी, दोघांचं नाव सगळीकडं चाललंय. पुढं कोण टिकेल? आपल्याकडं मातीतल्या कुस्तीचा नाद असणाऱ्यांना गुंथर आवडतो, बाकीच्यांना तो कंटाळवाणा वाटतो, असं का? आणि ब्लडलाइनची, म्हणजे रोमन रेन्स आणि त्याच्या भाऊबंदांच्या टोळीची, गोष्ट एवढी वर्षं ताणली तरी लोक उठून का गेले नाहीत?

"नूरा आहे, सोडून द्या" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

तासगावी बेदाणा

नूरा आहे, सोडून द्या.

लिहिलं एकदाचं, आता कामाचं बोलू. नूरा कुस्तीत राग कशाचा येतो? लोक खरी जोड बघायला आलेले असतात आणि दोघं आतनं ठरवून आलेले असतात. म्हणजे फसवणूक प्रेक्षकाची होते. इथं तसं नाही. 1989 मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढं कंपनीनं स्वतःच सांगितलं की हे मनोरंजन आहे, खेळाच्या स्पर्धेचे नियम आम्हाला लावू नका. तेव्हापासून दोन्ही बाजूंना सगळं ठाऊक आहे. त्यामुळं 'खरं का खोटं' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'पटतंय का' ते बघा.

पटतंय का हे मारणाऱ्याकडं बघून कळत नाही. पडणाऱ्याकडं बघा. पाचव्या मिनिटाला डाव्या गुडघ्यावर मार बसला असेल, तर बाराव्या मिनिटाला तो गडी दोरावर पळताना डावा पाय किंचित ओढतो का? आपला मोठा डाव मारायला समोरच्याला उचलताना तोच गुडघा दगा देतो का? सॅमी झेन हे फार बारकाईनं करतो. नवीन पोरं हमखास इथं चुकतात. दोन मिनिटं लंगडतात आणि टाळ्या आल्या की विसरून हरणासारखी उडतात. तिथं सगळी गोष्ट सांडली.

गुंथरचं म्हणाल तर त्याच्याकडं डाव मोजके. छातीवरची चापट, पॉवरबॉम्ब (वर उचलून पाठीवर आपटणं), मागनं गळ्याला घातलेला विळखा, एवढ्यावर भागतं. पण चापट नीट बघा. समोरच्याला कोपऱ्यात टेकवतो, त्याचे दोन्ही हात दोरावरून मागं टाकतो, म्हणजे छाती उघडी पडते. बोटं जुळवलेली, तळवा उघडा, आणि फटका गळ्याच्या हाडाखाली, छातीच्या मांसल भागावर. चार बोटं वर गेला तर नरड्यावर, खाली गेला तर बरगडीवर. मार खाणारा हनुवटी वर करतो ती दुखतंय म्हणून नव्हे, फटक्याच्या वाटेतनं बाजूला काढायला. यात लपवायला काही नसतं. 2022 च्या सप्टेंबरात कार्डिफला शेमसबरोबरची लढत बघा, शेमसची छाती सोललेल्या बिटासारखी झालीय. निकाल ठरलेला असेल, पण ते वळ ठरवून उठत नाहीत.

मातीच्या नादातल्या माणसाला तो आवडतो कारण तो घाई करत नाही. आधी खडाखडी, मग पकड, मग हळूहळू समोरच्याचा दम काढणं. ज्याला दर दहा सेकंदाला उडी पाहिजे त्याला झोप येणारच.

मिरज_जंक्शन

तासगावकरांशी सहमत. ब्रेकर आणि ओबावर मी लिहितो.

ब्रॉन हा रिक स्टायनरचा पोरगा, स्कॉट स्टायनरचा पुतण्या. घरातच आखाडा. त्याचं भांडवल म्हणजे वेग. एवढ्या अंगाचा गडी रिंगबाहेर टेबलाला वळसा घालून पळत येतो आणि खांदा पोटात घालतो, तेव्हा बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. धोकाही तिथंच आहे. हा डाव झेलणारा तयारीचा लागतो. खांदा लागायच्या क्षणी त्यानं हनुवटी छातीला लावून सपाट पाठीवर जायचं असतं. तो अर्धा वळला तर बरगडी, डोकं मागं राहिलं तर मान. त्यामुळं कच्च्या गड्याबरोबर असला की वेग आवरावा लागतो आणि लोकांना वाटतं आज हा ढिला का पडला.

आता वरती त्याला किती जपतात ते बघा. रेसलमेनिया 41 ला (रेसलमेनिया म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम) त्याचा इंटरकॉन्टिनेंटल पट्टा, म्हणजे विजेतेपद, गेला. चौघांची लढत होती: ब्रॉन, पेंटा, फिन बॅलर आणि डॉमिनिक मिस्टेरिओ. डॉमिनिकनं खांदे टेकवून तीन मोजून घेतले ते बॅलरचे. म्हणजे ब्रॉनच्या पाठीला माती लागली नाही आणि पट्टा मात्र गेला. मैदानात असं होणं शक्य नाही, तिथं गदा घ्यायची तर समोरच्यालाच हरवावं लागतं. इथं जोड लावणाऱ्यांनी चौघं आत टाकले ते याचसाठी. ज्याच्यावर पुढचा पैसा लावायचा ठरलंय त्याला हरवतानाही चीत करत नाहीत. नवीन पोराचं भविष्य बघायचं असेल तर तो किती जिंकला हे मोजू नका, कसा हरला ते बघा.

ओबा फेमी नायजेरियाचा, अमेरिकेत अलाबामा विद्यापीठाकडनं गोळा फेकायचा. 2025 च्या जानेवारीत एनएक्सटीचा (कंपनीच्या नव्या पोरांच्या कार्यक्रमाचा) मुख्य पट्टा घेतला. गोळाफेकवाल्याचं सगळं बळ कमरेतनं आणि मांडीतनं येतं, ते याच्या उचलण्यात दिसतं. समोरच्याला वर उडवतो, हवेतच पकडतो आणि तसाच खाली आपटतो. हात थरथरत नाहीत. दुसरी गोष्ट, त्याला उभं राहता येतं. हसू नका. रिंगच्या मध्यभागी काही न करता उभं राहणं आणि तरी सगळ्यांची नजर आपल्यावर ठेवणं हे दहातल्या नऊ जणांना जमत नाही, ते हात हलवतात, ओरडतात, केस मागं करतात.

माझं मत ओबाच्या बाजूनं. ब्रॉनचा वेग वयाबरोबर आणि गुडघ्याबरोबर उतरणार. शिवाय 2025 च्या एप्रिलपासून त्याच्या शेजारी बोलायला पॉल हेमन. हेमननं ब्रॉक लेसनरला मोठं केलं हे खरं, पण ब्रॉकला बोलायची गरजच नव्हती. ब्रॉनला एक दिवस एकट्यानं माईक धरावा लागणार आहे.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

जंक्शनसाहेब, विश्लेषण चांगले, पण एका ठिकाणी आपण सोपे करून टाकले आहे. 'चीत न करता हरवणे' म्हणजे जपणे, हे नेहमीच खरे नसते. त्याचा अतिरेक झाला की विजयाला किंमत राहत नाही. रोमन रेन्सचेच उदाहरण घ्या. 2020 च्या ऑगस्टपासून 2024 च्या एप्रिलपर्यंत 1316 दिवस पट्टा त्याच्याकडे होता. उत्तरार्धातल्या मोठ्या लढतींचा साचा एकच: पंच बेशुद्ध, भाऊबंद आत, रोमन विजयी. रेसलमेनिया 39 ला रोमनच्या टोळीतल्या सोलो सिकोआने मध्ये पडून कोडी रोड्सला हरवले, तेव्हा लोकांना राग खलनायकाचा आला नाही, गोष्ट लिहिणाऱ्यांचा आला. हे दोन राग वेगळे आहेत. पहिल्या रागाने तिकीट खपते, दुसऱ्याने टीव्ही बंद होतो.

मग लोक टिकले कशामुळे? माझ्या मते रोमनमुळे नव्हे, सॅमीमुळे. या घराण्यात रक्ताचे नाते नसलेला एकच पैलवान शिरला आणि सगळी गोष्ट एका प्रश्नावर येऊन थांबली: हा खरेच आपला आहे का? 2022 च्या नोव्हेंबरात वॉरगेम्समध्ये (पिंजऱ्यातली दोन संघांची लढत) त्याने निष्ठा सिद्ध करायला आपला जुना मित्र केव्हिन ओवेन्सलाच मारले. दोन महिन्यांनी, 28 जानेवारी 2023 ला रॉयल रंबलच्या कार्यक्रमात रोमन-ओवेन्स लढतीनंतर, ओवेन्सला दोराला जखडलेले आहे आणि रोमन सॅमीच्या हातात खुर्ची देतो. ते दृश्य पुन्हा पाहा आणि डाव मोजा. जवळजवळ एकही नाही. सॅमी खुर्चीकडे बघतो, ओवेन्सकडे बघतो, रोमन अंगावर खेकसतो आणि मैदानातले सगळे लोक सॅमीच्या आधी ठरवून मोकळे झालेले असतात. मग खुर्ची रोमनच्या पाठीत बसते. आणि खरी कमाल त्यानंतरची: सगळे सॅमीवर तुटून पडतात आणि रोमनचाच चुलतभाऊ जे उसो हात न लावता निघून जातो. पुढच्या सहा महिन्यांची गोष्ट त्या चालत जाण्यात पेरलेली होती. 1 जुलै 2023 ला लंडनमध्ये जे उसोनेच रोमनला चीत केले. 2019 च्या डिसेंबरनंतर रोमनच्या खांद्यांवर तीन मोजले गेले ते त्या रात्री.

भाऊबंदकी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बांधावरून सुरू होते आणि तिसऱ्या पिढीपर्यंत पुरते.

गुंथरबद्दल एक तक्रार. 13 डिसेंबर 2025 ला जॉन सीनाच्या शेवटच्या लढतीत सीनाने त्याच विळख्यात हात आपटून हार मानली. जाणाऱ्याने पुढच्याचे नाव करून जावे ही प्रथा मला मान्य. पण 'हार मानणार नाही' हेच ज्याचे वीस वर्षांचे ब्रीद, त्याला हात आपटायला लावणे? श्वास कोंडून बेशुद्ध दाखवले असते तर गुंथरही मोठा झाला असता आणि ब्रीदही राहिले असते.

तासगावी बेदाणा

सर, बेशुद्ध पाडलं असतं तर लोक म्हणाले असते "सीना हरला नाही, झोपला." गुंथरला मिळालं काय? उलट हात आपटला म्हणून तर लोक अजून शिव्या देतायत. खलनायकाला तेवढंच भांडवल लागतं.

लाल माती, ताक, हळद

वाद चालू द्या, पण एक गोष्ट अगोदर. तालमीतली बारकी पोरं हे बघून मॅटवर नाहीतर घरच्या गादीवर पॉवरबॉम्ब मारतात. ते का करू नये ते सांगतो, कारण "लागतं" एवढं सांगून पोरं ऐकत नाहीत.

ती रिंग म्हणजे वीस फुटी चौकोन, खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. सांगाडा आणि फळ्या मिळून आघाताला थोडं दबतात आणि तो 'धाड' आवाज पोकळ फळ्यांचा असतो. माती खणून, तेल-ताक घालून कितीही मऊ केली तरी ती दबून परत वर येत नाही. मॅट तर थेट फरशीवर पडलेलं असतं. उचलून आपटलेल्या गड्याचं सगळं वजन तिथं मणक्यालाच झेलावं लागतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कुस्तीचा पोरगा पडताना पाठ टेकू देत नाही, हाडात भिनलेलं असतंय. कूस बदलतो, हात टेकतो, नाहीतर पूल (डोक्यावर आणि पायांवर कमान) करतो. तिकडं नेमकं उलटं शिकवतात: पाठ पूर्ण टेकवा. आपला गडी हवेतनं येताना सवयीनं हात मागं टेकतो आणि मनगट नाहीतर गळ्याचं हाड मोडतं. पूल केला तर दोघांचं वजन मानेवर.

तिकडचं पडणं शिकवतात ते असं. आधी उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला चिकटवायची, वाटल्यास दातात रुमालाचं टोक धरून दुसरं टोक बनियनमध्ये खोचायचं, रुमाल सुटला म्हणजे मान मागं गेली. मग मागं लोळण. टेकायचं ते दोन्ही खांद्यांच्या पाट्यांवर, माकडहाडावर नाही. हात अंगापासून अर्धे उघडे, तळवे खाली, पाठ टेकायच्या क्षणीच जमिनीवर चापट. श्वास त्याच वेळी बाहेर सोडायचा, आत धरला तर छाती कोंडते. उकिडवं बसून चुकायचं थांबलं की मग अर्धं उभं राहून, मग पूर्ण उभं राहून. दुसऱ्यानं उचलून टाकायची पायरी त्याच्या लय पुढं, आणि ती शिकवणारा शेजारी असल्याशिवाय नाही. खरंच शिकायचं असेल तर खलीची शाळा जालंधरला आहे.

दोरावर पळणंही सोपं नाही. पाठ दोराला लावताना वरचा दोर काखेखाली यायला पाहिजे आणि एका हातानं तो धरायचा. नाही धरला तर माणूस सरळ बाहेर. सुरुवातीच्या पोरांच्या बरगडीखाली काळेनिळे पट्टे असतात ते दोराचे.

एक मात्र खरं, मानेचा व्यायाम केलेला तालमीतला गडी हनुवटी दाबून धरण्यात कुठल्याही बॉडीबिल्डरपेक्षा पुढं असतोय.

वारणाकाठ (वाळवा)

सगळ्यांचे आभार. 'कसा हरला ते बघा' हे डोक्यात बसलं. मुलींमध्ये कोण? महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा 2023 ला आपल्या सांगलीतच झाली आणि प्रतीक्षा बागडीनं जिंकली, तेव्हापासून घरातल्या मुलीही बघायला बसतात.

मिरज_जंक्शन

स्टेफनी व्हॅकेर. चिलीची. मेक्सिको आणि जपानमध्ये तयार होऊन आलेली, त्यामुळं पकडीत घाई नाही. टिफनी स्ट्रॅटन जिम्नॅस्टिक्समधनं आलेली, उडी बघायची तर ती. आणि मुलींना एकच लढत दाखवायची असेल तर रेसलमेनिया 41 ची इयो स्काय, रिया रिप्ली आणि बियांका बेलेअर. तिघींच्या लढतीत एक जण बाहेर पडून राहण्याचा कंटाळा असतो, तो इथं नाही. नीट बघा, बाहेर पडलेली नेमकी कधी आत येते.

लाल माती, ताक, हळद

रॉ, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचा दर आठवड्याचा कार्यक्रम, आपल्याकडं नेटफ्लिक्सवर मंगळवारी पहाटे, उन्हाळ्यात साडेपाचला आणि थंडीत साडेसहाला. म्हणजे बरोबर जोर-बैठकांच्या वेळेला. पोरांनो, मेहनत झाल्यावर बघा. आणि दुपारपर्यंत इथं निकाल कुणी टाकू नका.