गाडीचा रेडिओ आवाज वाढवला की बंद पडतो. अर्थिंगचाच दोष असेल का?

नमस्कार मंडळी, गाडीच्या वायरिंगमधल्या जाणकारांची मदत हवी आहे.

बाबांची 2011 ची छोटी पेट्रोल गाडी आहे. किल्ली फिरवली की त्यांचं पहिलं काम म्हणजे 101 वर विविध भारती लावणं. दोन आठवड्यांपासून आवाज जरा मोठा केला की सेट बंद पडतो, पाच-सहा सेकंदांनी आपोआप चालू होतो. घड्याळ परत 12:00 वर, लावून ठेवलेली स्टेशनं पुसलेली. सिंहगड रोडवरून स्वारगेटला पोचेपर्यंत तीन-चारदा तरी होतं.

घराजवळच्या इलेक्ट्रिशियनने फ्यूज बघितला, तो शाबूत आहे. "सेट गेलाय, नवा घ्या," म्हणाला. मला ते पटलं नाही, म्हणून रविवारी सेट बाहेर ओढून मल्टिमीटर लावला.

बॅटरीवर 12.5 व्होल्ट, इंजिन चालू केल्यावर 14.1. तिथे काही दोष दिसत नाही. कपलरवरची (सेटच्या मागे वायरी जोडणारा प्लग) पिवळी वायर, म्हणजे घड्याळ आणि स्टेशनं जिच्यावर टिकतात ती, आणि किल्लीवरची लाल, दोन्हींवर 12.3. हे सेट बंद असताना. मग सेट चालू करून आवाज वाढवला. पिवळी आणि गाडीची बॉडी यांच्यात 12.1, पण पिवळी आणि सेटची काळी वायर (अर्थची, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीत परत नेणारी) यांच्यात 9.6! अडीच व्होल्ट अर्थच्या वाटेवरच जातायत.

पुढचं जास्त विचित्र आहे. मागची अँटेनाची पिन काढली तर डिस्प्ले तिथल्या तिथे विझला. पिन लावली, लागला. तीनदा करून पाहिलं. काळी वायर कुठेतरी तुटली आहे आणि सेट अँटेनाच्या केबलच्या जाळीतून (आतल्या तारेभोवतीचं बारीक तारांचं वेष्टण) छताच्या पत्र्यावर अर्थ घेतोय, असा माझा अंदाज. छतावर अँटेनाचं बूड चांगलंच गंजलंय, त्यामुळे तीही वाट धड नाही.

हा तर्क बरोबर आहे का? असेल तर डॅशबोर्डमागच्या लोखंडी पाइपच्या बोल्टपाशी रंग खरवडून, लग (वायरच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावून, दीड एमएमची वेगळी अर्थ वायर दिली तर चालेल का? की मूळ काळी वायर शोधायलाच हवी? तिच्यावर आणखी काही जोडलेलं असेल, अशी धास्ती वाटते.

ती बारीक जाळी तापू नये म्हणून सध्या रेडिओचा फ्यूज काढून ठेवलाय. बाबा रोज विचारतात. शनिवारी तापकीर गल्लीत वायर आणायला जाणार आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.